अर्जातली बहीण

“ही आमची लेक, चांगुणा. सूर्यभानची धाकटी बहीन,” कारभारी साहेबांना म्हणाले, आणि चांगुणानं मान खाली घातली. चार वर्षं ती या घरची सून होती. आज सकाळपासून लेक झाली होती.

साहेब पुण्याहून आले होते, एका शिक्षण निधीकडून, चौकशीला. सत्तर सालच्या ऑगस्टात तिचा नवरा सूर्यभान बोटीत बसला, विलायतेत इंजिनिअर व्हायला. बोटीचं भाडं आणि पहिल्या वर्षाची फी चांगुणाच्या वडिलांनी भरली, मिरजगावचं विहिरीचं रान विकून. दुसऱ्या वर्षाची फी निधी देणार होता. फक्त मुलगा बिनलग्नाचा हवा. लग्न झालेल्याचा खर्च सासरा करतो, असा निधीवाल्यांचा हिशेब.

“अर्जात लग्नाचं लिवायचं राह्यलं त्याच्याकडनं. जायच्या गडबडीत हुता,” कारभारी सकाळी सुनेला म्हणाले होते. “दोन घटकांचं सोंग हाय, पोरी. फी चुकली तर अर्ध्यातनं माघारी यील त्यो.”

“बहीन तर बहीन, मामा. आल्यावर दादाच म्हनते त्यांना,” ती म्हणाली होती, आणि हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला होता.

साहेबांनी गुळाचा चहा घेतला. तिच्या कडेवरच्या बाळाचा गाल कुरवाळला. फाईल उघडली. मग त्यांची नजर चांगुणाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेली, तिथून कागदावर, आणि पुन्हा कुंकवावर.

“कारभारी, मुली किती तुम्हाला?”

“येकच. हीच की.”

“मग हे कसं?” साहेबांनी अर्ज पुढे केला.

कारभाऱ्यांना वाचता येत नव्हतं. चांगुणा सातवी शिकलेली. अक्षर सूर्यभानचंच होतं. कागदही तिनं ओळखला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून तो हेच लिहीत होता. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. एवढा शिकलेला नवरा लिहिता लिहिता लेकराला झोका देतोय, म्हणून ती दारात उभी राहून डोळे भरून बघत होती. बाळ रडलं तसं त्यानं मांडीवर घेतलं. इवला पाय त्याच्या हाताला लागला नि शाई फरकटली. “घ्या, बाळसाहेबांची सही झाली,” तो म्हणाला होता. मग फरकाटा सुकेपर्यंत फुंकर घातली होती आणि सावकाश पुढं लिहीत राहिला होता. गडबड कसलीच नव्हती.

फरकाट्याच्या पुढं लिहिलं होतं: ‘अर्जदार अविवाहित. घरी विधवा बहीण चांगुणा व तिचे पितृहीन बालक. दोघांचा भार अर्जदारावर.’

ती ओळ तिनं दोनदा वाचली. बाळ तिच्या मण्यांशी खेळत होतं.

साहेब माणूस भला. त्यांना वाटलं, कोवळ्या वयाची पोर, घरच्यांनी लावू दिलं असेल कुंकू. त्यांनी पेन काढलं, आवाज खाली आणला.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका. नोंद करावी लागते. यजमान कधी वारले तुमचे?”

कारभारी टक लावून सुनेकडे बघत राहिले. कुठलंही एक साल सांगितलं की फी मंजूर होणार होती.

“आत्ताच, साहेब,” चांगुणा म्हणाली.