पाच बायांचा आवाज

"काका, या पाचही बाया तुम्हीच ना?" संस्थेच्या शलाकानं हेडफोन काढत विचारलं.

फोनला आमची मालवणी कळावी म्हणून तिची संस्था लोकांचे आवाज जमवून इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देत होती. बायकांचे आवाज कमी पडले, तेव्हा मी गळा बारीक करून मदत केलेली.

"बायलमाणसां लाजतत गो."

"मग आंधळ्या शेवंताआत्यानं बोलून फोन कसा लावायचा? तो शिकणार तुमच्या नाटकी आवाजावर."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारात हळूच बातमी सोडली, की संस्थेच्या फोनला आपल्या बायकांचं बोलणं ऐकूच येत नाही.

दुपारी संस्थेच्या दारात बायकांची रांग. सगळ्यांत पुढे आत्या, काठी आपटत.

"खंय आसा तो बहिरो? माका तेच्या कानाकडे न्हेवा."