कोरडी नळी

“तुझ्या मेणात खोबरेल जास्त झालंय, म्हणून गोळी भरकटते,” तात्या बायकोच्या कानाशी पुटपुटले. यमुनाकाकू शिशाच्या गोळीला मेण चोळत होत्या. लग्नापासून त्या हेच मेण करत आल्या होत्या. ते बिघडायला लागलं म्हणे गेल्या वर्षापासून. त्यांनी पुढची गोळी चोळायला घेतली.

रानडुकरं भातात शिरायच्या दिवसांत तात्या परवान्याची ठासणीची बंदूक काढून बांधावरच्या भोपळ्यावर नेम धरत. पुसून कोरड्या केलेल्या नळीतून पहिली गोळी वाकडी जाते, नळीला आतून मेण लागलं की पुढच्या सरळ जातात, हे घरात सगळ्यांना पाठ. हल्ली तात्या प्रत्येक बारानंतर नळी रॉकेलने लख्ख पुसत. त्यामुळे त्यांची प्रत्येक गोळी पहिलीच असे, आणि घरातले समजूतदारपणे माना डोलावत.

बार उडाला. भोपळा जागचा हलला नाही. पण पार डावीकडे, विहिरीवरून येणाऱ्या सुनेच्या डोक्यावरच्या कळशीला आरपार भोक पडलं होतं आणि पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं. ती जागच्या जागी उभी राहिली. काकूंच्या हातून गोळी गळून पडली.

“फुटला का गं भोपळा?” तात्यांनी हौसेने विचारलं.

शेजारी उभ्या तात्यांच्या धाकट्या भावाने सवयीने सावरून घेतलं, “नळी कोरडी होती, दादा. पहिलाच बार…”

“नळीला काही झालेलं नाही,” काकू म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना. “अहो, तुम्हाला दिसत नाही.”