कळलंच नाही

कंबर धरली म्हणून बायकोच्या आग्रहाखातर तो पहिल्यांदाच ॲक्युपंक्चर करून घ्यायला आला होता. सुयांच्या धास्तीने डोळे गच्च मिटून पडला होता.

"टोचायच्या आधी सांगा हं, डॉक्टर."

"टोचल्यासुद्धा. उजव्या पावलात चार सुया आहेत."

"कळलंच नाही की. उगाच घाबरलो."

डॉक्टर हसल्या नाहीत. "थोडी झिणझिण? जडपणा?"

"छे, काहीच नाही."

त्यांनी सुया काढल्या. "आता कुठलं बोट धरलंय, सांगा."

"धरलंय कुठे अजून?"

"अहो," शेजारी उभी असलेली बायको पुढे वाकली, "अंगठा पिरगाळतायत त्या."

त्याने डोळे उघडले. आज सकाळीच, याच पायाने ब्रेक दाबत, त्याने मुलांनी भरलेली बस शाळेत पोहोचवली होती.