मांजराचे केस

"खाली ठेव ती पिल्लं, रोशनी," हर्षित पुन्हा म्हणाला.

रोशनीनं ठेवली नाहीत. उलट ओढणीत गुंडाळून छातीशी धरली. रविवारचा दिवस, सावनेरजवळ हर्षितच्या मावशीचं वावर, पोटभर रोडगे आणि वांग्याची भाजी. एरवी माणसाला सुस्ती यावी. पण तिचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. निघताना तिनं सासूबाईंना फोन केला होता, आज संध्याकाळी तरी घरी या म्हणून. उत्तर ठरलेलं: "तुह्या घरात केस असतील वं मांजराचे. मले दम लागते."

"आईले दमा आहे," हर्षित म्हणाला. "माहीत आहे नं तुले?"

"तीन वर्षं तेच ऐकून राहिली मी!"

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी, शोभाताईंनी, एका शब्दानंही आडकाठी केली नव्हती. 'आम्ही जातपात मानत नाही,' असं त्या चारचौघांत म्हणाल्या, तेव्हा रोशनीच्या बाबांचे, धम्मानंदांचे, डोळे भरून आले होते. अडचण एकच निघाली. रोशनीकडे मांजर होतं, आणि सासूबाईंना मांजर सोसत नव्हतं.

रोशनीनं मुकाट्यानं आपली सोनी माया नावाच्या मैत्रिणीला देऊन टाकली. परत येताना ऑटोत ढसाढसा रडली.

तरी सासूबाईंचे पाय तिच्या घराला लागले नाहीत. एकदा आल्या, त्या दारातच थबकल्या. नाकाला पदर लावून दोनदा खोकल्या, म्हणाल्या, अजून केस आहेत. रोशनीनं पुढे केलेला पाण्याचा पेला तिच्याच हातात राहिला. मग तिनं सोफा बदलला, पडदे बदलले, भिंती रंगवून घेतल्या. धंतोलीतल्या डॉक्टरांना विचारून दम्याचा पंप आणला आणि सासरच्या इतवारीतल्या दुकानावर नेऊन दिला.

"मी काय घरात कापूस पिंजून राहिली का? संपत काहून नाहीत ते केस?"

एवढ्यात पिल्लांची आई, एक तांबूस मांजर, कापसाच्या ढिगावरून उतरली. रोशनीला वळसा घालून थेट हर्षितकडे गेली आणि त्याच्या पायांना अंग घासू लागली. त्यानं तिला बुटानं दूर सारलं.

"तिले काहून लोटतो? तिनं काय केलं तुझं?"

"हे पाह्य, मांजरं घरी आली तर आई कधीच नाही येणार. मग मले बोलू नको."

रोशनीनं ओढणीतल्या पिल्लांकडे पाहिलं. घरात एक खोली तिनं अजूनही सासूबाईंसाठी लावून ठेवली होती. पलंगावर नवी चादर होती. स्वतःची आई गेल्यापासून तिला कुणीतरी 'जेवली का वं?' म्हणणारं हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पिल्लं नेली की त्या खोलीचं दार आपल्याच हातानं लावल्यासारखं होणार होतं.

"नाही तर नको येऊ दे!" ती ओरडली, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. आजारी बाईवर कसला राग काढायचा? पण बोलून गेली ती गेलीच. पिल्लं टोपलीत घालून ती गाडीत बसली. हर्षितनं दार धाडकन आपटलं.

पार्वतीमावशी, शोभाताईंची थोरली बहीण, चुलीकडून लगबगीनं आली. रोशनीनं आणलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा चाटूनपुसून रिकामा झाला होता. तो तिनं हर्षितच्या खिडकीतून आत दिला, तेव्हा तिला टोपली दिसली.

"नेऊन राहिली का पिल्लं? बेस केलं वं. घरचीच हाय. तुह्या सासूकडूनच तं आणली मी यांची माय."

"कोणाकडून?"

"शोभाकडून. जलमभर मांजरं पाळली तिनं. तुमचं लग्न ठरलं अन् एकाएकी म्हणे, घेऊन जाय. कसं देववलं तिले, कोणास ठाऊक!"

हर्षितनं गाडी सुरू केली.

"थांब," रोशनी म्हणाली.

मावशीनं खिडकीतून हात घालून हर्षितच्या खांद्यावर कौतुकानं थाप मारली. "अन् ती मांजर झोपे कुठी? याच्या उशाशी. पाह्यलं नं आज, कसं वळखलं तिनं याले!"