किंचित झाक

काकूंना गेलेल्या नवऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोठा करून हवा होता. स्टुडिओवाल्याने प्रिंट काढली, तर तिच्यावर हिरवट-पिवळी झाक.

"कावीळ झाली होती तेव्हा अगदी असेच दिसायचे," काकू म्हणाल्या.

तो ओशाळला. प्रिंटर करडा रंगसुद्धा रंगीत शाया मिसळून करतो, म्हणून असं होतं, असं सांगत त्याने सेटिंग बदललं. दुसरी प्रिंट लालसर निघाली.

"हे चिडल्यावरचे. चहा गार झाला की असे व्हायचे."

आता मात्र तो इरेला पेटला. कागद बदलला, रंगीत शाया बंद केल्या, नुसत्या काळ्या-करड्यावर तासभर डोकं खपवलं. शेवटी निघालेली प्रिंट त्याने खिडकीपाशी नेऊन पाहिली. ना हिरवी, ना लाल. इतकी निर्दोष प्रिंट त्याने जन्मात काढली नव्हती.

काकूंनी ती बराच वेळ पाहिली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

"हे गेल्यानंतरचे."

"मग कोणती देऊ, काकू?"

"चिडलेलेच द्या. घर फार गप्प झालंय."