पांढऱ्या दाढीचा गुरुजी

पँट मशीनमध्ये टाकण्याआधी तिनं सवयीनं खिसा चाचपला आणि हाताला बाहुला लागला. बोटभर उंचीचा, काळ्या कपड्यांतला, तोंडावर फडकं बांधलेला. हातात साखळीनं जोडलेल्या दोन इवल्याशा काठ्या.

लग्नाला नऊ वर्षं होऊनही ज्या घरात पाळणा हलला नव्हता, त्या घरात खेळणं! तिनं तो मशीनवर उभा केला आणि नवरा येईपर्यंत तिथून हलवला नाही.

"हे काय?"

"अगं, लिफ्टच्या खड्ड्यात सापडलं. पोरं पाडतात," तो बूट काढता काढता म्हणाला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दाराच्या फटीतून पडलेल्या किल्ल्या, कानातली असलं काहीबाही त्याला सापडायचंही. तिनं विश्वास ठेवला. पण पुढच्याच बुधवारी त्याच्या जॅकेटमधून दुसरा बाहुला निघाला, तो न फोडलेल्या पाकिटात. ती कपडे अल्टर करायचं दुकान चालवायची. शिवण मूळची की उसवून पुन्हा घातलेली, हे तिला लांबून कळायचं. पाकिटावर ना धूळ होती, ना ग्रीसचा डाग.

तिनं बहिणीला फोन लावला.

"रविवारीपण त्याला दुरुस्तीचा कॉल असतो ना?" ताईनं विचारलं. "बऱ्या नेमक्या रविवारीच बंद पडतात गं लिफ्टा!"

"ताई, काहीही काय!"

"मी कुठे काय म्हणतेय? खेळणं आहे तर खेळणारंही असणार, एवढंच."

ताईनं ठिणगी टाकली आणि फोन ठेवला. इकडे चार दिवस हिच्या घशाखाली घास उतरेना. आपल्याला मूल नाही, हे दुःख तिनं केव्हाच गिळलं होतं. पण मूल त्याला दुसरीकडे कुठेतरी झालंय, ही कल्पना तिला जाळत होती. तसं असेल तर या घरात एक दिवसही राहायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. ती स्कार्फ गुंडाळून मागे.

तो सरळ खेळण्यांच्या दुकानात शिरला. पाकिटं बंद, आत कोणता बाहुला आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून तो डोळे मिटून एकेक पाकीट बोटांनी चाचपत होता. दहा मिनिटांनी एक घेऊन बाहेर आला. दुकानाच्या काचेत बघताना तो क्षणभर थबकला, मग त्यानं केस सारखे केले, फोनवर अर्धं मिनिट बोलला आणि समोरच्या इमारतीत गेला.

लिफ्टचा आकडा थेट सातवर जाऊन थांबला. ती जिन्यानं चढली. प्रत्येक मजल्यावर बंद दारं आणि प्रत्येक दारामागे तिची सवत. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या बाईचा चेहराही तयार झाला होता: उंच आणि अर्थातच हिच्याहून बारीक. सातव्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. भांडायचं तर आधी श्वास हवा, म्हणून ती पायरीवर जरा टेकली.

वर गच्चीच्या दाराशी लिफ्टची मशीनरूम होती. दार अर्धवट उघडं. आत तो एकटाच, उपड्या डब्यावर बसलेला. समोरच्या लोखंडी पेटीवर अकरा योद्धे ओळीनं उभे होते. कोणाच्या हातात तलवार, कोणाच्या काठी, एकाची तर लाथ हवेतच.

"तू? इथे?" तो धडपडून उठला.

"हे कोणाचं?"

"माझं." त्याचे कान लाल झाले. "लहानपणी कराटेच्या क्लासला जायचं होतं. बाबांनी पाठवलं नाही. आता... तू हसशील म्हणून सांगितलं नाही. बारा असतात. बारावा काही मिळत नाहीये. पांढऱ्या दाढीचा गुरुजी."

ती हसली आणि मग रडलीच. चाळिशीला आलेला घोडा आणि बाहुल्यांसाठी चोरासारखा लपतो! खोलीत पेटीवर, तारांवर, खिडकीत बोटभर धूळ साचली होती. बाहुल्यांवर मात्र एक कण नव्हता. किती जपतो, या विचारानं तिला भरून आलं. स्वतःची लाजही वाटली.

घरी आल्यावर तिनं रिळांच्या कपाटातला एक कप्पा योद्ध्यांना रिकामा करून दिला. मग ताईला फोन केला. "तुझ्या जिभेला काही हाड?"

"बरं बाई, माझंच चुकलं," ताई म्हणाली. ताईच्या तोंडून असं वाक्य येणं म्हणजे नवलच.

पुढचे दोन महिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखे गेले. रविवारी तो कॉलला निघाला की ती हसत हसत डबा भरून द्यायची. परतल्यावर विचारायची, "भेटले का गुरुजी?" तो नकारार्थी मान हलवायचा.

त्याचा वाढदिवस जवळ आला तशी तिनं मोहीम स्वतःच्या हाती घेतली. मंगळवारी दुपारी आपलं दुकान बंद करून ती त्या खेळण्यांच्या दुकानात पोचली. हूक कुठला आणि बटण कुठलं, हे न बघता ओळखणारी तिची बोटं. नवऱ्याला जे जमलं नाही ते तिला अर्ध्या तासात जमलं. पाकिटात काहीतरी त्रिकोणी, टोकदार लागलं. दाढी! ती ओरडणारच होती.

"बांधून द्या हं," ती गल्ल्यावरच्या काकूंना म्हणाली. "नवऱ्याला सरप्राइज द्यायचंय."

"नवऱ्याला?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

तिनं कौतुकानं मोबाइलमधला फोटो पुढे केला. "हा बघा. तुमच्याकडेच तर येतो."

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, हे होय! दर रविवारी येतात की. म्हणजे तुम्ही छोटीच्या आई!" कागदाला चिकटपट्टी लावता लावता त्यांनी तिला नीट निरखलं. "पोरगी मात्र तुमच्यावर अजिबात गेली नाही हो. नाक, डोळे, सगळं बाबांचं."