घरातली शिट्टी

"आला बघ तुझं भूत पकडणारा," फोरमन बायकोला म्हणाला.

दारात काळी पेटी घेतलेला माणूस उभा होता. घरातला कुठलाही आवाज शोधून देतो, असं त्याने समोर उभं राहून खणखणीत सांगितलं. लोक कशाकशावर पोट भरतात, असं वाटून फोरमनला हसू आवरेना.

हल्ली बायकोला आणि मुलीला घरात बारीक शिट्टी ऐकू यायची. फोरमनला नाही. आणि फोरमनला ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाहीच, कारण उभा जन्म त्याने नुसत्या आवाजावरून मशीनची दुखणी ओळखली होती. आताच्या कामगारांची काय लायकी? सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे. त्या क्रेनवाल्याने लोखंडाचा बोजा थेट फोरमनच्या डोक्यावर आणला. थोडक्यात वाचला. वर तो म्हणतो कसा, "साहेब, किती ओरडलो!" खोटारडा. ते ऐकून बायकोने हाय खाल्ली आणि लगेच ही शिट्टी सुरू झाली.

"आवाज सापडला नाही, तर निमूट डोक्याच्या डॉक्टरकडे चलायचं," त्याने तिला बजावलं होतं.

"चालेल. आणि सापडला, तर मी नेईन तिथे तुम्ही यायचं."

"कुठेही ने."

पेटीवाल्याने त्याला खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं. "आवाज आला की हात वर करा, साहेब."

"डोकं यांचं फिरलंय आणि शिक्षा मला?" फोरमन म्हणाला. पण बसला. बायकांचं खूळ एकदाचं उतरवायचं होतं.

पेटीवाला मागे उभा राहिला. फोरमन हाताची घडी घालून भिंतीचे पोपडे बघत राहिला. मध्येच त्याने मान वळवली. पेटीवाला एक बटण हळूहळू फिरवत होता. मुलीने कानात बोटं घातली होती आणि बायको डोळ्याला पदर लावून उभी होती.

नाटक कंपनी! फोरमनने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आई तशी लेक. बिनपगारी कामाला आल्या असत्या, तरी त्याने दोघींना कारखान्याच्या फाटकातून आत घेतलं नसतं.

शेवटी बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं समाधान?" तो विजयाने उठला. "टाचणी पडली तरी ऐकू येईल, इतकी शांतता आहे घरात."

मुलीने धावत जाऊन दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा लालबुंद होऊन उभे होते.

"कधीची बेल वाजवतोय! आधी ती शिट्टी बंद करा, कान फाटले आमचे!"

"हे काय पुटपुटतायत?" फोरमनने विचारलं.

पेटीवाल्याने घाईघाईने बटण उलटं फिरवलं आणि तो फोरमनच्या बायकोला म्हणाला, "दोन्ही कानांना मशीन लागेल, ताई. सोमवारी घेऊन या दवाखान्यात."